गिटारचे इफेक्ट पेडल: आवाज फाटतो कसा आणि ते घरी बांधावे कसे

इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता वाजवली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचे अंग भरीव लाकडाचे असते, आवाज घुमवणारी पोकळी तिच्यात नसते. अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर आवाज मोठा होतो, पण त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही. तो स्वच्छ, टोकदार आणि लवकर विरणारा असतो. रॉक संगीतात मात्र हीच गिटार गुरगुरते आणि एकच स्वर कितीतरी वेळ धरून ठेवते. तारा त्याच, बोटेही तीच. मध्ये फक्त पायाने दाबायची एक धातूची डबी आलेली असते. अशा कितीतरी डब्यांमध्ये दहा-बारा सुटे भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी यापलीकडे काहीही नसते.

सभेच्या लाउडस्पीकरमधून फाटका आवाज येऊ लागला की तो ताबडतोब दुरुस्त केला जातो. गिटारवादक तसाच फाटका आवाज पैसे देऊन विकत घेतात. एकीकडे जो बिघाड, तोच दुसरीकडे संगीत कसा होतो, हे समजून घ्यायची सगळ्यात चांगली वाट म्हणजे असे एक पेडल स्वतः बांधणे. त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

तारेची वीज

गिटारच्या तारांखाली ‘पिकअप’ बसवलेला असतो. हा म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये तेवढ्याच लयीत वीज निर्माण होते. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला ११० वेळा हलते, म्हणून पिकअपमधून येणारी वीजही सेकंदाला ११० वेळा खालीवर होते. ही वीज अगदी क्षीण असते. साध्या छेडीला व्होल्टचा दहावा हिस्सा, जोरकस छेडीला त्याच्या काही पट. वायरमधून पेडलमध्ये शिरते ती ही इवलीशी लाट.

आढे आणि जमीन

बूस्टर म्हणजे या लाटेला मोठे करणारे सर्किट. पण कोणतेही सर्किट लाटेला हवे तेवढे मोठे करू शकत नाही. बॅटरी ९ व्होल्टची असेल तर बाहेर पडणारी लाट ९ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही आणि शून्याच्या खाली उतरू शकत नाही.

बुटक्या माळ्यावर दोन मुलांनी दोरीची दोन टोके धरली आहेत आणि ती दोरी वरखाली हलवत आहेत असे समजावे. दोरी हळू हलवली तर तिच्या लाटा गोल आणि सुबक दिसतात. जोर वाढवला की दोरी वर आढ्याला आणि खाली जमिनीला आपटते. जिथे आपटते तिथे लाटेचा गोल माथा राहत नाही, तो सपाट होतो. मुलांनी टोके माळ्याच्या बरोबर मध्यावर धरली असतील तर दोन्ही बाजू सारख्याच चेपल्या जातात. टोके खाली धरली असतील तर दोरी जमिनीला आधी लागते, वर मात्र मोकळी राहते.

पेडलमध्ये ९ व्होल्ट हे आढे, शून्य ही जमीन, आणि दोरी धरण्याची उंची म्हणजे ‘बायस’. सिग्नल नसताना सर्किट ज्या व्होल्टेजवर स्थिर असते तो त्याचा बायस. लाटेचे माथे सपाट होण्याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही तीन नावे मुख्यतः क्लिपिंग किती आणि किती कठोर आहे त्यावरून पडलेली आहेत. ओव्हरड्राइव्हमध्ये माथे हळुवार दबतात, फझमध्ये लाट जवळजवळ चौकोनी होते.

माथा सपाट झाला म्हणजे काय वाढते

गोल लाटेत एकच स्वर असतो. ती कुठेही अचानक वळली की तिच्यात नवे स्वर शिरतात. ११० कंपनांची लाट दोन्ही बाजूंनी सारखी चेपली तर तिच्यासोबत ३३०, ५५०, ७७० अशा विषम पटींचे उपस्वर ऐकू येतात. एकच बाजू जास्त चेपली तर २२० आणि ४४० हे सम पटींचे उपस्वरही येतात. ११० ला षड्ज मानले तर २२० म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, ३३० म्हणजे त्याच सप्तकातला पंचम आणि ५५० म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच पाचवा उपस्वर. तंबोऱ्याची जवारी घोडीच्या आकारातून उपस्वर उजळते, पेडल तेच काम विजेच्या मर्यादेतून करते. उपस्वरांनी भरलेल्या आवाजाचा मोह संगीताला नवा नाही.

क्लिपिंगमुळे स्वर टिकतोही. छेडल्यानंतर तारेची हालचाल लगेच मंदावू लागते, पण सर्किटने लाट पुष्कळ मोठी केलेली असल्यामुळे ती बराच वेळ आढ्याला टेकलेलीच राहते. कानाला वाटते, स्वर विरतच नाही.

पेडल चालू असताना गिटारवादक भरगच्च कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकत्र, का टाळतात, याचेही उत्तर इथेच आहे. दोन स्वर एकत्र क्लिप झाले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वर जन्माला येतात. षड्ज ११० आणि पंचम १६५ एकत्र वाजले तर वजाबाकी ५५ आणि बेरीज २७५ येते. ५५ हा खालचा षड्ज, आणि २७५ त्याच्या बरोबर पाचपट, त्यामुळे सगळे एकाच कुळात बसते आणि आवाज अधिक भारदस्त होतो. षड्ज आणि गिटारच्या पडद्यांवरचा गंधार एकत्र वाजवला तर तयार होणारे स्वर कोणत्याच कुळात नीट बसत नाहीत आणि गढूळ गोंगाट ऐकू येतो. षड्ज-पंचमाची जोडी म्हणजे गिटारवादकांची ‘पॉवर कॉर्ड’. रॉक संगीताच्या रचनेवर एका इलेक्ट्रॉनिक मर्यादेने उमटवलेला हा ठसा आहे.

बिघाडातून जन्म

हा आवाज प्रथम कोणी मुद्दाम घडवला नव्हता. अमेरिकेत मेम्फिस येथे १९५१ मध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेला होता. स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून काम भागवले गेले आणि तोच भरभरीत आवाज गाण्यासोबत लोकप्रिय झाला. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांचे बास वादन ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेतल्या दोषामुळे फाटले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गाण्यातला आवाज इतरांनाही हवासा वाटू लागला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले आणि फझ जगभर ऐकला गेला.

१९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने ‘फझ फेस’ काढले. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे ते अजरामर झाले. त्याच्या मूळ सर्किटमध्ये २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कॅपॅसिटर आणि २ पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारे रेझिस्टर) एवढेच भाग आहेत. घरी पेडल बांधण्याची परंपरा टिकली ती या साधेपणामुळे. ज्या वस्तूने एका पिढीचा आवाज बदलला, ती तळहातावर मावेल एवढ्या सर्किटची आहे.

सुरुवातीच्या पेडलमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. ‘एसी १२८’ हा त्यातला प्रसिद्ध क्रमांक जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्येही सापडतो. जर्मेनियमचा आवाज मऊ असतो, पण असा ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवा असतो. त्यातून नको असताना झिरपणारी वीज तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते. बायस सरकतो आणि आवाज तुटक होतो. विदर्भातल्या मे महिन्यात असे पेडल गच्चीवर वाजवायचे तर ही अडचण पुस्तकी राहत नाही. पहिल्या कामासाठी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घ्यावा. तो स्वस्त मिळतो आणि उन्हातही भरवशाचा राहतो.

आठ भागांचे सर्किट

शिकण्यासाठी सर्वात उत्तम सर्किट म्हणजे न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे ‘एलपीबी-१’. कंपनी माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये सुरू केली आणि हे सर्किट रॉबर्ट मायर यांनी रचले. एका ट्रान्झिस्टरचा हा बूस्टर आजही विकला जातो.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. बेसमध्ये शिरणारा अगदी थोडा प्रवाह कलेक्टरकडून एमिटरकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहावर ताबा ठेवतो. मात्र त्यासाठी बेस हा एमिटरपेक्षा सुमारे ०.६ व्होल्ट वर असावा लागतो. गिटारचा सिग्नल त्याहून बराच लहान असल्यामुळे बेसला आधीच तेवढ्या उंचीवर नेऊन ठेवावे लागते.

हे काम दोन रेझिस्टर करतात. बॅटरीच्या धन टोकापासून बेसपर्यंत ४३० किलोओहम आणि बेसपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टच्या ‘जमिनी’पर्यंत, ४३ किलोओहम. ९ व्होल्टचे अकरा भाग होतात आणि त्यातला एक भाग, म्हणजे जवळपास ०.८ व्होल्ट, बेसवर येतो. एमिटर त्याच्या ०.६ व्होल्ट खाली, म्हणून तिथे ०.२ व्होल्टच्या आसपास उरते. एमिटर आणि ग्राउंड यांच्यात ३९० ओहमचा रेझिस्टर आहे. ०.२ ला ३९० ने भागले की सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह येतो. हाच प्रवाह धन टोक आणि कलेक्टर यांच्यातल्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून वाहतो आणि तिथे ४ ते ५ व्होल्ट खर्च होतात. कलेक्टरवर ४ ते ५ व्होल्ट शिल्लक राहतात. दोरी माळ्याच्या मध्यावर धरली गेली. चार रेझिस्टरांनी एवढी अचूक मांडणी साधावी, यात या रचनेचे खरे सौंदर्य आहे.

आता बेस ०.१ व्होल्टने हलला तर एमिटरही जवळजवळ तेवढाच हलतो, प्रवाह बदलतो आणि तो बदल १० किलोओहमवर मोठा होऊन दिसतो. १०,००० भागिले ३९० म्हणजे साधारण २५ पट. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा थोडा रोध धरला की प्रत्यक्षात २० पट मिळते. ०.१ व्होल्टचे २ व्होल्ट होतात. छेड जोरकस असेल तर लाट आढ्याला टेकते आणि बूस्टर स्वतःच आवाज फाडू लागतो. फाडला नाही तरी पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो ओसंडून टाकतो.

आत येताना आणि बाहेर पडताना प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कॅपॅसिटर असतो. तो स्थिर वीज अडवतो आणि हलती लाट सोडतो, त्यामुळे आतला बायस गिटारपर्यंत किंवा अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचत नाही. शेवटी १०० किलोओहमचा पॉट आवाज कमी-जास्त करतो.

चौकट: काय आणावे
ट्रान्झिस्टर: बीसी ५४७ किंवा बीसी ५४९, एक
रेझिस्टर (पाव वॉट; के म्हणजे किलोओहम): ४३० के (पिवळा, नारिंगी, पिवळा), ४३ के (पिवळा, नारिंगी, नारिंगी), १० के (तपकिरी, काळा, नारिंगी), ३९० ओहम (नारिंगी, पांढरा, तपकिरी)
कॅपॅसिटर: ०.१ मायक्रोफॅरड, दोन (अंगावर १०४ लिहिलेले असते)
पॉट: १०० के, ‘ए’ अक्षराचा असल्यास उत्तम
डायोड: १एन४१४८, दोन (फाटक्या आवाजासाठी)
इतर: ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, दोन जॅक, ब्रेडबोर्ड, झिरो पीसीबी, वायर
४३० के आणि ४३ के न मिळाल्यास ४७० के आणि ४७ के घ्यावेत. विभागणीचे प्रमाण तेच राहते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळे भाग मिळतात. ट्रान्झिस्टर घेताना क्रमांक नीट वाचावा. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. २एन३९०४ या ट्रान्झिस्टरमध्ये हाच क्रम नेमका उलटा असतो आणि एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला तर पेडल नीट चालत नाही.

आधी ब्रेडबोर्डवर ऐकावे

भाग लगेच कायमचे जोडू नयेत. ब्रेडबोर्डवर पाय नुसते खोचता येतात आणि हवे तेव्हा बदलता येतात. घरी पेडल बांधण्याचे मोल पैसे वाचण्यात फारसे नाही. एक भाग बदलला की आवाजात काय बदलते हे त्याच क्षणी स्वतःच्या कानांनी ऐकता येते, खरा फायदा तो.

बूस्टर वाजू लागला की बाहेरच्या कॅपॅसिटरनंतर, पॉटच्या दोन टोकांच्या पायांमध्ये दोन डायोड एकमेकांच्या उलट दिशेने जोडावेत. डायोड एकाच दिशेने वीज सोडतो, आणि तीही ठरावीक व्होल्टेज ओलांडल्यावर. सिलिकॉनचा १एन४१४८ सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, म्हणून २ व्होल्टची होऊ पाहणारी लाट दोन्ही बाजूंना ०.६ वर छाटली जाते. आढे आणि जमीन एकदम जवळ येतात. आवाज दाट होतो आणि भरभरतो. त्या जागी जर्मेनियमचे डायोड लावले तर ०.३ च्या आसपासच छाटणी होते, आवाज दबका आणि मऊ येतो. लाल एलईडी लावले तर ते सुमारे १.७ व्होल्टपर्यंत लाट मोकळी सोडतात, म्हणून आवाज मोठा आणि कमी फाटलेला निघतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एकापुढे एक असे दोन डायोड ठेवले की चेपणे असमान होते आणि सम पटींचे उपस्वर मिसळतात.

त्यानंतर आत येणारा १०४ कॅपॅसिटर काढून १०३, म्हणजे दहापट लहान, लावून पाहावा. लहान कॅपॅसिटर खर्जाची कंपने नीट सोडत नाही, त्यामुळे आवाज पातळ आणि धारदार होतो. जाड तारा वाजवताना फरक सर्वात जास्त जाणवतो. जुने ‘ट्रेबल बूस्टर’ याच युक्तीवर चालत.

डाख, डबा आणि स्विच

मनासारखा आवाज मिळाला की भाग झिरो पीसीबीवर, म्हणजे भोके आणि तांब्याच्या चकत्या असलेल्या पट्टीवर, न्यावेत. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो. डाख देताना आधी पाय आणि तांब्याची चकती दोन्ही तापवावीत आणि मग सोल्डरची तार सांध्याला लावावी. सोल्डर आपणहून पसरले आणि चकाकले तर जोड पक्का. त्याचा मंद, दाणेदार गोळा बसला तर तो ‘ड्राय सोल्डर’, आणि असा सांधा आज वाजतो, उद्या खरखरतो. डाख देताना खिडकी उघडी ठेवावी. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात धुवावेत.

डबा धातूचाच हवा. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण हवेतून सर्किटमध्ये शिरते आणि २० पट मोठी होऊन बाहेर पडते. ग्राउंडला जोडलेला अ‍ॅल्युमिनिअमचा डबा ती अडवतो. प्लॅस्टिकच्या डब्यात तेवढेच चांगले सर्किट सतत गुणगुणत राहते.

पायाचा स्विच नऊ पायांचा घ्यावा. तो आत जाणारी वायर, बाहेर येणारी वायर आणि दिवा अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलतो. बंद असताना सिग्नल सर्किटला वळसा घालून सरळ पुढे जातो. दिव्यासाठी एलईडीसोबत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. तरीही हा दिवा मूळ सर्किटच्या तिप्पट-चौपट वीज खातो.

इनपुटचा जॅक स्टीरिओ घेऊन बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या टोकाला जोडावी. गिटारचा साधा प्लग आत गेला की ते टोक आणि ग्राउंड आपोआप जुळतात आणि पेडल सुरू होते. वाजवून झाल्यावर गिटारची वायर काढून ठेवली की बॅटरी उतरत नाही. अडॅप्टर वापरायचा असेल तर गिटार पेडलच्या रिवाजाप्रमाणे मधला बिंदू ऋण असलेला, ९ व्होल्टचा तयार अडॅप्टर घ्यावा. घरगुती २३० व्होल्टची वीज पेडलच्या डब्यात कधीही आणू नये.

आवाज आलाच नाही तर

पहिल्या प्रयत्नात पेडल मुके राहणे अगदी नेहमीचे आहे. अशा वेळी भाग बदलत सुटण्यापेक्षा मल्टिमीटर हाती घ्यावा. काळी टोकणी ग्राउंडला ठेवून ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय मोजावेत. कलेक्टरवर ४ ते ५, बेसवर ०.७ ते ०.८ आणि एमिटरवर ०.१५ ते ०.२ व्होल्ट आले तर ट्रान्झिस्टर ठीक आहे आणि दोष वायर, जॅक किंवा स्विचमध्ये आहे. कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहतच नाही. मग बेसचे दोन रेझिस्टर आणि पायांचा क्रम तपासावा. कलेक्टर आणि एमिटर दोन्हीकडे जवळपास सारखेच, म्हणजे अर्ध्या व्होल्टच्या आत काही दिसले, तर ट्रान्झिस्टर पूर्ण खुला होऊन प्रवाह न अडवता सोडतो आहे. बहुतेक वेळा ४३ के आणि ४३० के यांची अदलाबदल झालेली असते, कारण त्यांच्या अंगावरचा फरक फक्त तिसऱ्या पट्ट्याच्या रंगाचा आहे.

नवे पेडल अ‍ॅम्प्लिफायरला पहिल्यांदा जोडताना आवाज अगदी कमी ठेवावा, हेडफोन तर मुळीच लावू नयेत. चुकीच्या जोडणीतून येणारी किंचाळी कानाला खरोखर इजा करू शकते. हा बूस्टर नीट वाजू लागला की दोन ट्रान्झिस्टरचे फझ फेस हाती घ्यावे. त्यात नवे भाग तीनच वाढतात, आणि बायस म्हणजे काय हे तोवर कळलेले असते.